मिसळीच्या पार्सलमधला कट कशात द्यायचा? प्लास्टिक बंदीबद्दल एका हॉटेलवाल्याचं उत्तर

ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. तालुक्याच्या गावी नवरा-बायकोनं मिळून मिसळ-नाश्त्याचं छोटं हॉटेल काढलंय, सात महिने झाले, परवा प्लास्टिक बंदीचं पथक आलं आणि काउंटरखालच्या पातळ पिशव्या नि काळे डबे बघून पाच हजाराची पावती फाडून गेलं. डबेवाला म्हणतो डबा "रियुजेबल" आहे, चालतो. पिशवीवाला म्हणतो १२० मायक्रॉन जाडीची घ्या, चालते. शेजारच्या हॉटेलात सगळं बिनधास्त चालू आहे. मग नक्की काय चालतं, आणि चहाच्या कागदी कपाचं काय?

माझं हॉटेल चोवीस वर्षं झालं चालू आहे, मिसळ, भजी, दुपारी राईसप्लेट, आणि पार्सल निम्म्याहून जास्त. २०१८ ला बंदी आली तेव्हा मीपण तुमच्यासारखाच सगळ्यांना विचारत फिरलो होतो आणि प्रत्येकानं वेगळं सांगितलं. नंतर लक्षात आलं की ज्यांना विचारतोय ते सगळे आपल्याला काहीतरी विकणारे आहेत.

ताई, बंदीची यादी एका कागदावर मावते, ती पाठ करून तुमची अडचण सुटणार नाही. तुमची अडचण आहे कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा. गरम, तेलकट, पातळ, आणि तो गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत न सांडता गेला पाहिजे. पाव, फरसाण, भजी, वडा यांना कागद पुरतो. हॉटेलात प्लास्टिक शिरलं ते सांबार, चटणी, कट, ताक या पातळ वस्तूंमुळे, आणि निघायचं म्हटलं की अडतं तेपण तिथंच. म्हणून कायदा आधी पटकन सांगतो आणि मग कटावर येतो.

महाराष्ट्रात दोन याद्या एकाच वेळी लागू आहेत, घोळ तिथंच आहे. एक केंद्राची. ऑगस्ट २०२१ ला नियम निघाले आणि १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झाले. त्यात आपल्या कामाचं म्हणजे प्लास्टिकच्या प्लेटा, कप, ग्लास, चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, ट्रे, ढवळायच्या काड्या आणि मिठाईच्या बॉक्सवर गुंडाळतात ती पातळ फिल्म. या यादीत पार्सलचा डबा नाही. डबेवाला तुम्हाला "केंद्राच्या यादीत दाखवा कुठं आहे" म्हणतो ते त्यामुळेच, आणि तेवढ्यापुरतं तो खरं बोलतो.

पण दुसरी यादी राज्याची, ती आधीची आहे आणि जास्त कडक आहे. २३ मार्च २०१८ ची अधिसूचना, तीन महिने मुदत दिली होती, २३ जूनपासून दंड सुरू. ती निघाली २००६ च्या अविघटनशील कचऱ्याच्या कायद्याखाली, २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, पिशव्यांनी गटारं तुंबली, त्याच्या नंतरचा हा कायदा. प्लास्टिकवाले हायकोर्टात गेले होते पण बंदीला स्थगिती मिळाली नाही. या यादीत एकदा वापरून टाकायचे डबे, वाट्या, हॉटेलात अन्न बांधून द्यायचं प्लास्टिक, पातळ पदार्थाच्या पिशव्या आणि थर्माकोलचं सगळं ताटवाटी सामान आहे. आणि कॅरी बॅग तर कितीही जाड असो, बंद. ते १२० मायक्रॉन केंद्राचं आहे, ३१ डिसेंबर २०२२ पासूनचं, ज्या राज्यात कॅरी बॅग चालते तिथल्यासाठी. आपल्याकडं राज्याचा नियम कडक म्हणून तोच पाळायचा. त्यामुळे पिशवीवाला मायक्रॉन सांगायला लागला की समजायचं एक तर त्याला माहीत नाही किंवा चांगलं माहीत आहे.

दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. तुमची पहिली पावती झालेली आहे हे विसरू नका, पुढची दहाची आहे.

आता "रियुजेबल" डबा. तळाशी त्रिकोणात ५ छापलेला असतो आणि बाजूला मायक्रोवेव्हचं चित्र. यावर वाद घालता येतो हे मी मान्य करतो, बायका ते डबे धुऊन डाळी ठेवायला वापरतात हे माझ्या घरातपण आहे. पण तुम्ही तो डबा देताय तो एका पार्सलसाठी, परत घेत नाही, धुऊन परत वापरत नाही, मग पथकाच्या माणसाला तो एकदाच वापरायचाच डबा दिसणार. छापलेल्या शब्दानं सुटका होते यावर मी माझा गल्ला लावणार नाही. शेजाऱ्याचं चालू आहे कारण त्याच्याकडं अजून कोणी आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अजून एक, जे बहुतेकांना पावती झाल्यावर कळतं. नुसता वापर नाही, साठापण गुन्हा आहे. २०१८ च्या पावसाळ्यात माझ्याकडं पथक आलं तेव्हा काउंटर एकदम स्वच्छ होतं, कागद, द्रोण, सगळं नवं, मी चहापण पाजला त्यांना. एकानं सहज माळ्यावर मान वर केली, तिथं थर्माकोलच्या प्लेटांचे चार गठ्ठे, एका लग्नाच्या ऑर्डरीतले उरलेले, मी विसरूनपण गेलो होतो. पाच हजार. चूक माझीच होती. म्हणून ताई आजच्या आज माळा, फ्रीजमागं, गॅसच्या टाक्यांजवळ, पोऱ्यांच्या कपाटात, सगळीकडं बघा आणि जे असेल ते कचऱ्याच्या गाडीत न टाकता सुक्या कचऱ्यात वेगळं द्या, भंगारवाला डबे घेतो, थर्माकोल सहसा नाही घेत.

बरं, आता कट.

पूर्वी आम्ही कसा द्यायचो ते आठवतंय, कारण त्यात कसब होतं. पिशवीचं तोंड डाव्या हाताच्या दोन बोटांत, पळीनं कट आत, मग पिशवीत थोडी हवा धरून एक गिरकी द्यायची की ती फुग्यासारखी टम्म होते, आणि वरून दोऱ्याचे पाच-सहा वेढे, गाठ नाही, नुसता दोरा दाताखाली धरून तोडायचा. माझ्याकडचा एक पोऱ्या मिनिटाला चार बांधायचा, एक थेंब सांडायचा नाही. उकळता तेलाचा तवंग त्या पातळ पिशवीत जायचा आणि पिशवी हाताला मऊ लागायची, तेव्हा त्याचा विचार कोणी केला नाही. आज तो पोऱ्या स्वतःचं हॉटेल चालवतो. सांगायचं म्हणजे त्या पिशवीला पैशात, वेगात आणि न सांडण्यात तोड नाही, आणि तिच्या जागी एकच वस्तू शोधत बसलात तर ती मिळणार नाही. मी सहा महिने शोधली. गिऱ्हाइकाप्रमाणं वेगवेगळं करावं लागतं.

जवळच्या गिऱ्हाइकाला घरून डबा आणायला लावा. आमच्याकडं पाटी आहे, "घरचा डबा आणा, पाच रुपये कमी". पहिले दोन महिने कोणी आणला नाही, मग सकाळी फिरायला जाणारे आजोबा लोक किटल्या घेऊन यायला लागले, त्यांना ती सवय जुनीच, दुधाला-ताकाला किटली घेऊनच जायचे ते. आता रविवारी सकाळी काउंटरवर किटल्यांची रांग असते. फक्त एक पथ्य पाळा, गिऱ्हाइकाचा डबा आत स्वयंपाकघरात न्यायचा नाही आणि आपली पळी त्याच्या डब्याला टेकवायची नाही, वरूनच ओतायचं. डबा अस्वच्छ दिसला तर सरळ सांगायचं, काका धुऊन देऊ का. उद्या पोट बिघडलं तर नाव हॉटेलचं जातं, डब्याचं नाही.

स्टीलच्या डब्याचं डिपॉझिट हा दुसरा प्रकार आणि यात मी आपटलोय. चाळीस कडीचे डबे आणले, डिपॉझिट साठ रुपये ठेवलं म्हणजे लोकांना जड वाटायला नको. पंधरा दिवसांत डबे संपले. बायकोनं वहीत बघून सांगितलं, अहो तुम्ही नव्वदचा डबा साठला विकताय. बरोबर होतं, बाजारात त्या भावात डबा मिळत नव्हता म्हणून लोक ठेवून घेत होते. मग डिपॉझिट डब्याच्या किमतीपेक्षा थोडं जास्त केलं, झाकणावर पंचनं नंबर मारला आणि फक्त रोजच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना द्यायला लागलो. आता चालतंय. शेजारी दुकानं, बँक, शाळेचा स्टाफ असं बांधलेलं गिऱ्हाईक असेल तरच हे करा, हायवेच्या हॉटेलात अजिबात करू नका.

अनोळखी, चालत्या गिऱ्हाइकाला टाकाऊ डबा द्यावाच लागतो, तिथं तीन पर्याय उरतात. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा डबा हा प्लास्टिक नाही, गरम चालतो, गळत नाही जर कडा नीट दुमडल्या तर. घाईत पोरं दोन बाजू दुमडतात आणि दोन तशाच सोडतात, मग रस्ता तिखट होतो. झाकण पुठ्ठ्याचं असतं, त्याला आतून काय लावलंय ते बघून घ्या. आणि आंबट वस्तू, म्हणजे टोमॅटोचं सार, कढी, आमसुलाची आमटी, यात देऊ नका, आंबटपणा अ‍ॅल्युमिनियमला लागतो. कटात टोमॅटो जास्त घालत असाल तर तोपण फार वेळ राहणार नाही हे बघा.

दुसरा उसाच्या चिपाडाचा, बगॅसचा डबा. आपल्या भागात ऊस एवढा, त्यामुळे मला हा मनापासून आवडतो पण त्याची खोड सांगतो. उकळता कट भरून लगेच झाकण लावलं की आत वाफ धरते आणि झाकण मऊ पडतं, कडेचा चाप सुटतो. आम्ही कट पार्सलसाठी वेगळ्या पातेल्यात काढून दहाएक मिनिटं वाफ जाऊ देतो, पाऊणच भरतो, आणि डबा पिशवीत आडवा न ठेवता उभा राहील असा पुठ्ठ्याचा तळ देतो. अर्ध्या तासात घरी पोचणाऱ्याला तक्रार नसते. तासाभराच्या गावाला जाणाऱ्याला मी स्वतः सांगतो, साहेब यात नका नेऊ.

तिसरा कंपोस्टेबलवाला, म्हणजे कुजून खत होणाऱ्या मालाचा, जो दिसायला प्लास्टिकसारखाच असतो. २०२२ च्या शेवटी राज्यानं सूट दिली, कंपोस्टेबल मालापासून केलेले कप, प्लेट, वाट्या, डबे, चमचे, स्ट्रॉ चालतील, पण सिपेट (केंद्राची प्लास्टिकवरची संस्था) आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असलेलेच. इथं फसवणूक भरपूर होते. "बायोडिग्रेडेबल", "इको", हिरवं पान छापलेलं, "मक्यापासून बनवलेलं" या शब्दांना किंमत नाही. "कंपोस्टेबल" असा शब्द, बनवणाऱ्याचं नाव आणि प्रमाणपत्र नंबर, हे वस्तूवर किंवा पाकिटावर पाहिजे, आणि त्या प्रमाणपत्राची झेरॉक्स सप्लायरकडून मागून फाइलला लावायची. मंडळाच्या वेबसाइटवर अशा उत्पादकांची यादी आहे, नाव जुळवून बघायला पाच मिनिटं लागतात. झेरॉक्स मागितली की जो "उद्या देतो" म्हणतो त्याच्याकडून मी माल घेत नाही. आणि हा माल परसातल्या खड्ड्यात टाकला तर तसाच राहतो, त्याला कंपोस्टच्या प्लांटमधलं तापमान लागतं, त्यामुळे निसर्गाचं फार भलं करतोय असं समजून तो घेऊ नका, नियमात बसतो म्हणून घ्या.

हे तिन्ही काळ्या डब्यापेक्षा महाग आहेत, माझ्याकडं साधारण दुप्पट पडतं. मी पार्सलला वेगळा पॅकिंग चार्ज लावतो आणि तो पाटीवर लिहिलाय, बिलात लपवत नाही. कुरकुर झाली, गिऱ्हाईक तुटलं नाही. पण माझं गिऱ्हाईक जुनं आहे, तुमचं सात महिन्यांचं, त्यामुळे तुम्ही हळू घ्या, आधी कटाचे डबे बदला.

बाकीचं सोपं आहे. फरसाण, पाव, कांदा, भजी सगळं कागदात. फक्त वर्तमानपत्रात नाही. प्लास्टिकला पर्याय म्हणून लोक परत पेपराकडं वळले, पण एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याच्या नियमानं छापील पेपरात अन्न बांधणं बंद आहे, शाई तेलात उतरते, गरम वड्यावर बातमी उलटी उमटलेली आपण सगळ्यांनी बघितली आहे. म्हणजे एका पावतीतून सुटायला जाऊन दुसऱ्या खात्याच्या तावडीत जाल. कोरा कागद किलोवर मिळतो. फरसाण कागदात सादळतं ही तक्रार खरी आहे, पावसाळ्यात जास्त, आम्ही पुडी आधी बांधून ठेवत नाही, ऑर्डर आली की बांधतो. चमचा पार्सलमधे देतच नाही, घरी चमचे असतात, मागितला तर लाकडी. हाताला धरायची पिशवी कागदी किंवा कापडी. नॉन-वोव्हन, म्हणजे कापडासारखी दिसणारी प्लास्टिकची, घ्यायचीच असेल तर ६० जीएसएमच्या (एका चौरस मीटरला ६० ग्रॅम) वरची, तीपण २०२२ च्या शेवटी मिळालेल्या सवलतीमुळं, बाजारात मिळते ती फडफडीत पातळ असते, तिचा जीएसएम विचारला तर दुकानदार हसतो.

हॉटेलात बसून खाणाऱ्याला स्टील. याला दुसरा पर्याय शोधूच नका. उन्हाळ्यात पाणी नसतं, भांडी घासणाऱ्या मावशी सुट्टीवर, ही अडचण मला माहीत आहे, तेवढ्या दिवसांसाठी पळसाच्या पत्रावळी-द्रोण नाहीतर सुपारीच्या पानाच्या प्लेटा ठेवा. पण द्रोण पाण्याचा हात फिरवून मग वापरा, कोरडा द्रोण काडीजवळ गळतो.

मोबाइलवरून ऑर्डर घेत असाल तर तिथं माझ्याकडं छान उत्तर नाही. गाडीवरचा पोरगा डबा आडवा टाकणार, खड्ड्यातून नेणार, सांडलं की पैसे तुमचे कापले जाणार. मी शेवटी ऑनलाइन मेनूमधून बाकीच्या पातळ वस्तू काढल्या, मिसळ तेवढी ठेवली, तीपण फक्त प्रमाणपत्रवाल्या डब्यात आणि पाच किलोमीटरच्या आत. धंदा थोडा कमी झाला. तुमचं निम्मं उत्पन्न त्यावरच असेल तर तुमचं गणित वेगळं आहे, मला ते माहीत नाही.

पथक परत येणार हे धरून चाला. एक फाइल ठेवा, त्यात झालेली पावती, पॅकिंगच्या मालाची पक्की बिलं आणि प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स. बिल नसलेला माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. आले की वाद घालू नका, काय जप्त केलं त्याची लेखी नोंद मागा, पावतीवर कोणत्या कायद्याखाली लिहिलंय ते वाचा, आणि पावती न देता पैसे मागितले तर देऊ नका. वस्तू नियमात बसते असं वाटत असेल तर फाइल पुढं ठेवा, माझ्याकडं दोनदा बगॅसच्या डब्यावरून विचारणा झाली, दोन्ही वेळा बिल बघून गेले. गोव्यात किंवा बेळगावकडं शाखा काढायचा विचार असेल तर तिथली यादी तिथं विचारा, आपली तिकडं लागू नाही.

तर थोडक्यात तुमच्यासाठी या आठवड्याचं काम: माळा रिकामा करा, पातळ पिशव्या आणि काळे डबे बंद, कटासाठी फॉइल आणि बगॅस दोन्ही थोडे थोडे आणून चार दिवस तुमचाच कट भरून घरी नेऊन बघा, पाटी लावा.

राहिला चहाचा कागदी कप. नाव कागदी आहे. तो चहा धरतो कारण आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, आणि असे कोटिंगवाले कप, प्लेटा, वाट्या राज्यानं जुलै २०२२ ला यादीत घातले. सगळ्या टपऱ्यांवर दिसतो म्हणून लोकांना खरं वाटत नाही, माझ्या पोरांनापण वाटलं नव्हतं. मग एक कप फाडून रात्रभर पाण्याच्या ग्लासात ठेवला. सकाळी कागदाचा लगदा झाला होता, तो बोटानं बाजूला केला आणि आतून अख्खी पारदर्शक साल निघाली, कपाच्याच आकाराची. ती मी अठ्ठेचाळीस तास काउंटरवर ठेवली होती. तेव्हापासून आमच्याकडं चहा काचेच्या ग्लासात, आणि पार्सल चहा ज्याच्या त्याच्या थर्मासमधे.